फ्लेक्सवरचं नाव, पटावरची चाल

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बीड, माजलगाव, केज, परळी यांपैकी कुठल्याही गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शुभेच्छांचे बॅनर, पतसंस्थेची ठेव योजना, नव्या शोरूमची जाहिरात, कुणाचा तरी वाढदिवस आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथीची एखादी लग्नपत्रिका, सगळं एकदमच आलेलं असतं. संगणकावर कोरल ड्रॉ उघडलेलं, बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले अंधुक फोटो आणि खुर्चीमागं उभं राहून सूचना करणारं गिऱ्हाईक. ‘दादांचा फोटो अजून मोठा घ्या. नाव लाल करा.’

दहा बाय वीसच्या त्या बॅनरवर बरंच काही ठरवावं लागतं. वर महापुरुष, त्याखाली नेतेमंडळी पक्षातल्या मानाच्या क्रमानं, मध्यभागी ज्याचा वाढदिवस तो, आणि तळाला शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस गोल फोटो. क्रम चुकला की बॅनर चौकात लागण्याआधीच भांडण. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदांत नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षर जाड हवं आणि मागचा रंग त्याला खाऊन टाकणारा नको. कडेला आयलेट ठोकायचे असतात, तेवढी जागा मोकळी सोडायची. फाईल दुसऱ्या गावच्या मशीनवर छापायची असेल तर ‘फॉन्ट कर्व्ह करून पाठव’ असा निरोप येतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांचा कचरा होतो. कर्व्ह केलं की अक्षरांचं चित्र होतं. मग आडनावातली वेलांटी चुकलेली दिसली तरी ती सहज सुधारता येत नाही.

ही सगळी ग्राफिक डिझाईनचीच कामं आहेत. खुर्चीवर बसलेला मुलगा बहुधा बारावी किंवा आयटीआय झालेला असतो आणि दुसऱ्याच्या मागं उभं राहून शिकलेला असतो. त्याचा हात चालतो, पण आपण जे करतो त्याला पुढं रस्ता आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुकानाबाहेर त्याच वयाची पोरं मोबाइलवर खेळताना दिसतात. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, २०२१ साली तो खेळ बीजीएमआय म्हणून परतला, २०२२ साली पुन्हा गायब झाला आणि २०२३ साली पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरवर बंदी आली तेव्हा पोरं फ्री फायर मॅक्सकडं वळली. यातल्या काहींना खेळता खेळता वाटायला लागतं की असा खेळ आपण बनवावा. चित्रकलेची इंटरमिजिएट दिलेली, हातात फोन, घरात जेमतेम पैसा. अशा मुलापुढं बारावीनंतर हा प्रश्न खराखुरा उभा राहतो: ग्राफिक डिझाईन की गेम डिझाईन?

घरात हा प्रश्न मांडायलाही धीर लागतो. मराठवाड्यात बारावी म्हटलं की लातूर पॅटर्न, नीट, नाहीतर पोलीस भरती आणि एमपीएससी. दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. अशा घरातल्या मुलाला ‘आवडेल ते कर’ असं मोघम सांगणं बरोबर नाही. कुठलं काम कसं चालतं, कुठं मिळतं आणि त्यावर पोट कधी भरायला लागतं, हे त्याला कळलं पाहिजे.

अशा कामावर पोट भरल्याचं एक उदाहरण या जिल्ह्यात आहेच. आष्टी तालुक्यातल्या सांगवीचे दादासाहेब भगत. दहावीनंतर आयटीआय करून ते पुण्याला गेले आणि इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना सुमारे ९ हजार रुपयांवर कामाला लागले. साफसफाई, पाणी, सामान अशी वरकामं. आत बसलेली माणसं संगणकावर काय करतात, याची त्यांनी चौकशी केली. पदवी नसताना शिकता येईल असं काही आहे का, हेही विचारलं. त्यातून ग्राफिक्स आणि अ‍ॅनिमेशनचा रस्ता सापडला. दिवसा नोकरी, सुटल्यावर क्लास. पुढं हैदराबादला नोकरी करताना पायथॉन आणि सी प्लस प्लस या संगणकभाषाही ते शिकले. मोटारसायकलच्या अपघातानं अंथरुणाला खिळले, त्या काळात त्यांनी टेम्प्लेट बनवून ऑनलाइन विकायला सुरुवात केली. त्यातून ‘नाइन्थ मोशन’ ही कंपनी उभी राहिली.

टेम्प्लेट म्हणजे हलत्या चित्रांची अर्धवट सोडलेली फाईल. चॅनेलच्या बातमीपत्राची सुरुवात असो की लग्नाचं आमंत्रण, रंग, हालचाल, अक्षरांची जागा सगळं ठरवून ठेवलेलं असतं, घेणारा फक्त नाव आणि फोटो बदलतो. एकदा बनवलेली फाईल शंभर जणांना विकता येते आणि घेणारा कुठल्या देशात बसलाय यानं काही फरक पडत नाही. करोनाच्या टाळेबंदीत भगत गावी परतले. गावात मोबाइलला रेंज नीट नव्हती, जवळच्या टेकडीवर होती. मग टेकडीवरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी संगणक मांडले, गावातल्या काही मित्रांना शिकवलं आणि कामाला लावलं. तिथून ‘डूग्राफिक्स’ पुढं आलं. कॅनव्हासारखं, डिझाईन न शिकलेल्या माणसालाही पोस्टर किंवा पत्रिका बनवता यावी यासाठीचं हे साधन. ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात, २०२४ साली, ‘बोट’ या कंपनीचे अमन गुप्ता यांनी त्यात १० टक्के हिश्शासाठी १ कोटी रुपये गुंतवले.

ही गोष्ट बहुतेकदा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती आहेही. पण आपल्या प्रश्नासाठी तिच्यातला दुसरा धागा मोलाचा आहे. भगत आधी स्वतः चित्र पूर्ण करत होते. मग त्यांनी दुसऱ्यानं पूर्ण करायची चित्रं बनवली. शेवटी ज्यात लोक स्वतःच चित्र करतील असं साधन बांधलं. प्रत्येक पायरीवर ‘दिसेल कसं’ याच्या जोडीला ‘समोरचा माणूस काय करेल’ हा विचार वाढत गेला, आणि त्याच ओघात त्यांना संगणकभाषा शिकाव्या लागल्या. ग्राफिक डिझाईन आणि गेम डिझाईन यांच्यातलं अंतर नेमकं इथं आहे.

ते समजून घ्यायला घरातलाच एक खेळ पुरेसा आहे. चल्लस आठ, काही भागांत अष्टचंग. पाच बाय पाचचा पट, प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली, फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. फेकायला चार कवड्या, नाहीतर फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका. एक उताणी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या म्हणजे चल्लस, चारही पालथ्या म्हणजे आठ. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर चार फाका सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पडतं, चारांत एक, चारांत तीन, आणि चल्लस किंवा आठ प्रत्येकी एकाच तऱ्हेत. म्हणजे सरासरी आठ फेकींत एकदा मोठं दान. म्हणूनच मोठं दान पडलं की घरात आरडाओरडा होतो आणि पुन्हा फेकायची मुभा मिळते.

आता यातला एकच नियम बदलून पाहावा. चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी पटावर आणायचीच नाही. पहिली सोंगटी बाहेर काढायला प्रत्येकाला सरासरी आठ फेकी थांबावं लागेल. चौघं खेळत असतील तर सगळ्यात लहान पोर दहा मिनिटांत उठून अंगणात पळेल. पट तोच, फुल्या त्याच, चिंचोके तेच, पण खेळ मोडला. उलट पट खडूनं फरशीवर काढला काय किंवा पैठणीच्या काठासारखा रंगवला काय, खेळ जिथल्या तिथं. पट कसा दिसावा हे ग्राफिक डिझायनर ठरवतो. पोर का उठलं, ते शोधून नियम दुरुस्त करणं हे गेम डिझायनरचं काम.

त्यामुळं गेम डिझायनरचा दिवस बऱ्याच जणांच्या कल्पनेपेक्षा कोरडा असतो. एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरायचे, शत्रूला किती मार बसल्यावर तो पडावा, नाणी किती मिळावीत. पातळीचा आराखडा राखाडी ठोकळ्यांनी मांडायचा, लोकांना खेळायला द्यायचा आणि ते अडखळले की मध्ये न बोलता नोंद करायची. मग सगळं पुन्हा. सुंदर चित्रं काढणारी माणसं स्टुडिओत वेगळी असतात: कन्सेप्ट आर्टिस्ट, थ्रीडी कलाकार, अ‍ॅनिमेटर, पडद्यावरची बटणं नि चिन्हं करणारे यूआय आर्टिस्ट. चित्र काढायला आवडतं म्हणून गेम डिझाईनला गेलेल्या मुलाची निराशा इथंच होते, आणि ती वर्षभराची फी भरल्यावर होते हे जास्त वाईट.

सावंतवाडीच्या गंजिफा पाहिल्या की दोन्ही कामं एका जागी दिसतात. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा. नियम कधीच ठरून गेलेले. चितारी पत्त्याची पार्श्वभूमी आणि खूण अशी रंगवतो, की हातात पंखा करून धरलेल्या गोल पत्त्यांतून मत्स्य कुठला नि कूर्म कुठला हे खेळणाऱ्याला झटकन कळावं. खेळाच्या आतलं हे ग्राफिक डिझाईन. या कलेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजच्या मोबाइल खेळातला यूआय आर्टिस्ट हेच करतो, आणि फ्लेक्सच्या खुर्चीवरून गेमच्या स्टुडिओत शिरायला सगळ्यात जवळचं दार तेच आहे.

ग्राफिक डिझाईनला कमी लेखायचं काही कारण नाही. बीड जिल्ह्यात तर मुळीच नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून शरीर आणि सृष्टी कशी घडते हा अवघड विषय ओव्यांच्या जोडीला आकृत्या आखून मांडला. एवढ्या मोठ्या पृष्ठावर मजकूर कुठं, आकृती कुठं, डोळा कुठून कुठं जावा, हे ठरवल्याशिवाय असं काम होतच नाही. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला जातातच. मुलांना पासोडीची ओळख मांडणीचा नमुना म्हणूनही करून द्यायला हवी.

अलीकडच्या काळातलं नाव र. कृ. जोशी यांचं. उल्का या जाहिरात संस्थेत आणि मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात काम केलेल्या जोशींनी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट रेखला आणि तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर जगभर गेला. तलाठी कार्यालयातल्या संगणकापासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत कितीतरी मराठी माणसांनी युनिकोडमधला पहिला मराठी मजकूर त्याच अक्षरांत पाहिला. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट आज फुकट उतरवून घेता येतात. फ्लेक्सच्या दुकानांनी ते वापरायला सुरुवात केली तर अक्षरांच्या कचऱ्याची निम्मी कटकट संपेल.

आता पोटाचा प्रश्न. ग्राफिक डिझाईनचं काम तालुक्याच्या गावात आहे. दर कमी, उधारी फार, निवडणूक आणि लग्नसराई सोडली तर मंदी, हे सगळं खरं. पण पहिल्याच महिन्यात चार पैसे हातात येतात आणि रोज गिऱ्हाईकाशी गाठ पडते. ज्या मुलींना घरचे पुण्याला पाठवत नाहीत, त्यांनाही लॅपटॉप मिळाला तर पत्रिका, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, टेम्प्लेट ही कामं घरून करता येतात. मात्र ‘घरी बसून करता येतं’ ही सोय मुलीचं शिक्षण थांबवायला कुणी वापरू नये.

गेमचा धंदा जिल्ह्यात नाही. तो पुण्या-मुंबईत आणि बंगळूर, हैदराबादेत आहे. पुण्यात युबिसॉफ्टनं २००८ साली गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेऊन बस्तान बसवलं. सुपरगेमिंग पुण्याचीच, तिचा ‘इंडस’ २०२४ साली आला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ तर मुद्दाम पाहावा असा आहे. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीची छाप आणि गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. २०१७ साली किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली, तरी चमूनं काम सोडलं नाही. २०२० साली खेळ बाजारात आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनात पोचला.

धोका इथं जास्त आहे, हेही स्वच्छ सांगायला हवं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओत होत असल्याचं सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालं. २०२२ साली ते काम माँट्रियलला गेलं. जानेवारी २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनं गेमिंग विभागातली १,९०० माणसं कमी केली. आणि कुठल्याही स्टुडिओत कलाकार नि प्रोग्रॅमर यांच्या मानानं ‘गेम डिझायनर’ ही जागा थोडी असते. नवख्याला ती सहसा थेट मिळत नाही, चाचणी विभागातून किंवा कलेच्या बाजूनं आत जावं लागतं.

वडिलांच्या मनातली शंका वेगळीच असते. गेम म्हणजे रमी, सट्टा, कर्ज. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साध्या करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. मुलानं घरी हा फरक समजावून सांगावा. पैसे लावायचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी शोधायचा रस्ता त्यामुळं बंद झाला, आणि तो बंद झाला हे बरंच झालं. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींच्या धोरणाला मंजुरी दिली. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचा पहिला परिसर त्याच वर्षी जुलैत सुरू झाला. यातलं बीडपर्यंत काय झिरपतं, ते जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी विचारत राहिलं पाहिजे. बीडपर्यंत काही पोचायला किती वेळ लागतो ते रेल्वेनं दाखवलंच आहे: त्याच सप्टेंबरच्या १७ तारखेला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या मागणी केल्यावर.

शिक्षणाच्या वाटा पाहिल्या की निवड थोडी सोपी होते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात किंवा मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत बारावीनंतर प्रवेश परीक्षेतून पदवीला जाता येतं. आयआयटी मुंबईची यूसीड ही परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. पेपर इंग्रजीत असतो आणि मराठी माध्यमाच्या मुलाला तीच मोठी भिंत वाटते, म्हणून अकरावीपासून तयारी हवी. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत, डिजिटल गेम डिझाईन हा विषय बंगळूरच्या केंद्रात पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. म्हणजे सतराव्या वर्षी गेम डिझाईन निवडलं नाही तर दार बंद झालं, असं नाही. उपयोजित कला, अभियांत्रिकी किंवा साधं संगणकशास्त्र करून तिकडं जाता येतं, आणि स्टुडिओतली बरीच माणसं अशीच आलेली असतात.

म्हणून बीडच्या मुलानं आधी ग्राफिक डिझाईन धरावं. गेमची आवड खरी असेल तर ती कागदावर आणि फुकटच्या साधनांवर जोपासावी. गोडो हे गेम बनवायचं साधन फुकट आहे, थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट आहे. मात्र ज्याला चित्रापेक्षा आकडे, नियम आणि माणसांचं वागणं यांतच रस आहे, त्यानं फ्लेक्सच्या नादी न लागता गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं करावं. त्याची वाट तीच आहे आणि ती अभियांत्रिकीवाल्या घरांना समजावायलाही सोपी.

काही लाखांची वर्षाची फी घेणाऱ्या खासगी संस्था दोन्ही विषयांच्या जाहिराती करतात. एकर-दोन एकर गहाण टाकण्याआधी बापानं तिथं जाऊन विचारावं: शिकवणाऱ्यानं स्वतः कुठला खेळ बाजारात आणलाय, मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेला खेळ इथं बसून खेळायला मिळेल का, आणि नोकरी लागलेल्यांना नेमकं कुठलं पद मिळालं? टेलिकॉलरची नोकरी ‘गेमिंग क्षेत्रातली’ म्हणून मोजलेली नाही ना, हेही पाहावं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर एसटी पकडून परत यावं.

एआयनं दुकानातलं काम बदललंय. फोटोमागची पार्श्वभूमी कापायला जिथं वीस मिनिटं जायची तिथं आता क्षण पुरतो. मागचं आकाश, दिव्यांची आरास, देवाचं चित्र मागितलं की मिळतं. मात्र त्या चित्रात मराठी मजकूर मागितला तर जोडाक्षरं अनेकदा मोडून येतात, आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर हे यंत्राला ठाऊक नसतं. नुसता कापाकापी करणारा मागं पडेल. अक्षराची जाण, गिऱ्हाईकाच्या मनातलं ओळखणं आणि आपलं म्हणणं त्याला पटवणं ज्याला जमतं, त्याला काम राहील.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही करून पाहता येण्यासारखं आहे. गल्लीतल्या मेडिकलची किंवा किराणा दुकानाची पाटी मुक्त फॉन्टमध्ये नव्यानं मांडावी, छापून समोरच्या भिंतीला लावावी आणि रस्त्याच्या पलीकडून ती आजोबांना वाचता येते का ते पाहावं. मग पुठ्ठ्यावर चल्लस आठचा पट आखावा, एक नियम बदलावा आणि पाच जणांना खेळायला बसवावं. आपण शेजारी वही घेऊन गप्प बसायचं. कोण कुठं अडला, कुणी कुणाला नियम विचारला, कोण कंटाळला, सगळं लिहायचं. रात्री नियम दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवायचं. पुण्यातल्या स्टुडिओत अर्ज करताना प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो तो लिंक उघडताच सुरू होणारा छोटा खेळ, आणि त्यासोबत तो कितीदा मोडला नि कसा दुरुस्त केला याची नोंद. ती वही त्याच नोंदीची पहिली पानं.